अंगठ्याला टाच

मी पडलो. अगदी लोळण घेतली असं नाही, पण तिसऱ्या पावलाला डावीकडे कललो, चौथ्याला दोन्ही हात हवेत गेले, आणि पाचव्याला त्या गाइड मुलीनं दंड धरला नसता तर सरळ निवडुंगात गेलो असतो. डोळे उघडले. पायाखाली लाल रंगाची रेघ, तळहाताएवढी रुंद, आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहून हसणारे पंधरा-सोळा लोक. "टाळ्या, टाळ्या!" गाइड मुलगी ओरडली. "हे काका इथलेच, क्विटोचे, तरी रेघेनं त्यांना सोडलं नाही बघा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी पुतणी यादिरा मोबाइल धरून उभी होती, तिनं सगळं टिपून घेतलं. मी हसलो की नाही ते आठवत नाही. मी थेंबही घेतलेला नव्हता. त्या सकाळी तर नाहीच, उभ्या आयुष्यात कधी घेतलेला नव्हता. आणि मी पडलो होतो.

आता यात एवढं हादरण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. म्युझियममध्ये लोक मजेसाठीच येतात, डोळे मिटून विषुववृत्तावर चालतात, झोकांड्या खातात, फोटो काढतात आणि घरी जातात. पण माझी गोष्ट वेगळी आहे. मी सव्वीस वर्षं वाहतूक पोलिसात काढली, आणि त्यातली अकरा या म्युझियमपासून दीड किलोमीटरवरच्या रस्त्यावरच्या चौकीत. श्वास तपासायचं यंत्र तेव्हा आमच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. ड्रायव्हर प्यायलेला वाटला की त्याला खाली उतरवायचं, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर उभं करायचं आणि म्हणायचं, चल, अंगठ्याला टाच लावून नऊ पावलं. नऊ जायची, नऊ यायची. पुस्तकात एवढंच होतं, आणि तेही डोळे उघडे ठेवून, पायांकडे बघत. डोळे मिटायची भर घातली ती सार्जंट चिलुइसानं. मी नवीन होतो तेव्हा तो मला म्हणाला होता, "उघड्या डोळ्यांनी काय, गाढवही चालतं. मिटायला लाव, मग बघ दारू कशी स्वतःच्या तोंडानं बोलते." आणि खरंच बोलायची. तिसऱ्या, फार तर चौथ्या पावलाला. मला ती युक्ती इतकी पटली की मी ती सगळ्यांना शिकवली. बदली होऊन दुसऱ्या चौकीत गेलो तिथेही शिकवली. खात्यात मला रेघेवाला अब्दोन म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. ड्रायव्हर लोक फार चावट. म्हणायचे, "साहेब, अहो ही पृथ्वीची मधली जागा, इथं कोंबडीसुद्धा सरळ चालत नाही!" मी म्हणायचो, "कोंबडीला लायसन्स लागत नाही." सगळे हसायचे, तोही हसायचा, आणि मी त्याला आत घालायचो.

यादिरा म्हणाली, "काका, तुझा चेहरा बघ कसा झालाय! ये, परत कर, मी नीट व्हिडिओ घेते." ती मला तू म्हणते. तीन वर्षांची असताना आईबरोबर स्पेनला गेली, तिथं सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात. आमच्याकडे पोरं बापालासुद्धा तुम्ही म्हणतात, त्यामुळे पहिल्या दिवशी विमानतळावर तिनं "तू अब्दोन काका ना?" असं विचारलं तेव्हा माझ्या कानात खडा गेल्यासारखं झालं होतं. दोन आठवड्यांची सुट्टी काढून ती आली होती. कशासाठी, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. ती माझ्या धाकट्या भावाची, ओल्मेदोची मुलगी. ओल्मेदोशी मी बारा वर्षं बोललेलो नव्हतो. मुलगी आली, माझ्या आईच्या खोलीत राहिली, आईचा फोटो पुसून परत लावला, माझ्यासाठी अंडी तळली, रोज काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग दुसरंच काहीतरी बोलली. आज सकाळी म्हणाली, "इतकी वर्षं शेजारी नोकरी केलीस आणि म्युझियम बघितलं नाहीस? कमाल आहे. चल." क्विटोतलं कोण जातं तिथं? पाहुणा आला तरच. पाहुणी आली म्हणून मी गेलो.

माझ्यानंतर एक जर्मन गेला, सहा फुटांचा, तो दुसऱ्याच पावलाला आडवा. एक नन गेली, तिनं क्रूस घट्ट धरला होता, तीही कलंडली. एक शाळकरी पोरगी, एक गरोदर बाई, तिचा नवरा. सगळे पडले. कुणाच्या अंगात दारूचा अंश नाही, आणि सगळे माझ्या चौकीतल्या माणसांसारखे. तेच हात, तोच डावा खांदा आधी खाली, आणि तेच खुळं हसू, जे मी अकरा वर्षं दारूचं हसू समजत होतो. गाइड मुलगी, दोमेनिका नाव तिचं, छातीवर पट्टी होती, समजावून सांगत होती. "पृथ्वीचे दोन अर्धे भाग, एक इकडे ओढतो, एक तिकडे. मधल्या माणसाचा तोल जाणारच. यात तुमची काही चूक नाही हं." तुमची काही चूक नाही. मी तिथं उन्हात उभा होतो, बाकीचे अंड्याच्या टेबलाकडे निघाले होते, आणि माझ्या डोक्यात ओल्मेदो चालायला लागला, डोळे मिटून, हात पसरून, पांढऱ्या पट्ट्यावर.

तो दिवस कार्निव्हलचा होता, शनिवार, दुपारचे दोन वाजले असतील. ओल्मेदो बस चालवायचा. कालाकालीहून क्विटो. निळी बस, पुढच्या काचेवर त्यानं यादिराचे बाळपणीचे बूट टांगले होते. चौकीपाशी त्याच्या बसचं चाक आमच्या नारिंगी शंकूला घासलं आणि शंकू गडगडत खड्ड्यात गेला. बास, एवढंच. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी त्याला आईवरून एक शिवी घातली असती, त्यानं मला परत घातली असती, आई तर एकच, आणि तो गेला असता. पण त्या दिवशी नवा लेफ्टनंट पाहणीला आला होता. त्यानं माझ्या छातीवरचं आडनाव वाचलं, ड्रायव्हरच्या कागदावरचं वाचलं, आणि मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला, "भाऊ वाटतं? मग तुम्हीच तपासा. बघू तरी तुमची ती प्रसिद्ध रेघ." माझे पाच शिपाई बघत होते. बसच्या खिडक्यांतून चाळीस माणसं बघत होती. ओल्मेदो उतरला. "न्यान्यो, काय रे हे, संध्याकाळी आईकडे जेवायला जायचंय ना आपल्याला?" असं हसत हसत म्हणाला. न्यान्यो म्हणजे भाऊ. आम्ही डोंगरातली माणसं भावाला असंच म्हणतो, स्पेनमध्ये हा शब्द कुणाला कळत नाही. मी म्हणालो, "डोळे मीट. अंगठ्याला टाच. नऊ पावलं." आवाज चौकीतला काढला. त्याचं हसू थोडं उरलं, मग गेलं. त्यानं डोळे मिटले. एक. दोन. तिसऱ्याला डावा खांदा खाली. बसमधून कुणीतरी ओरडलं, "लागली रे लागली!" आणि सगळी बस हसली. ओल्मेदोनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, लेफ्टनंटकडे नाही, माझ्याकडे. "न्यान्यो, मी प्यायलेलो नाही. आईची शपथ." मी कागद लिहायला घेतला.

शपथा मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. आमचे वडील रोज आईची शपथ घ्यायचे, दाराच्या चौकटीला धरून, थेंबही नाही घेतला म्हणून, आणि घरभर वास. मी ओल्मेदोला धरून पलंगाखाली बसायचो. म्हणूनच तर मी पोलिसात गेलो, म्हणूनच मी कधी प्यायलो नाही, म्हणूनच शपथ घेणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरायचं. हे सगळं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि नंतरही पुष्कळदा सांगितलं. तीन दिवस तो आत होता. लायसन्स गेलं. बसवाल्यांच्या संस्थेनं काढून टाकलं. त्या वर्षी बँका बुडाल्या, आमचं जुनं चलन जाऊन डॉलर आला, अर्धं शहर स्पेनला निघालं, त्यात तोही निघाला. विमानतळावर मी गेलो होतो. म्हणालो, "एकदा खरं बोल. प्यायलो होतो म्हण. मी सगळं विसरेन." तो म्हणाला, "नाही म्हणणार." आई मध्ये उभी होती, एक हात माझ्या कोटावर, एक त्याच्या. पुढे बारा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा त्याचा फोन आला, येतो म्हणाला. मी म्हणालो, "ये, पण दारात पाय ठेवायच्या आधी ते एक वाक्य म्हण. खोटारड्याच्या खांद्यावर आईची शवपेटी मी देणार नाही." तो आला नाही. पेटीला चौथा खांदा शेजारच्या चांभारानं दिला. हे सगळं मी केलं, आणि मला वाटत होतं की मी ताठ माणूस आहे.

आणि आता ही पोरगी सांगत होती की तुमची काही चूक नाही. तुम्हाला वाटेल मला शरम वाटली. नाही. आधी मला आनंद झाला. कबूल करायला लाज वाटते, पण झाला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. दीड किलोमीटर म्हणजे काय, पृथ्वीच्या मानानं काहीच नाही. माझी चौकी रेघेवरच होती म्हणायची. म्हणजे ओल्मेदो प्यायला नव्हता, आणि मीही चुकलो नव्हतो! पृथ्वीनं त्याला ओढलं होतं. दोन बाजूंनी. दोन भावांच्या मध्ये एवढी मोठी पृथ्वी आली, त्याला कोण काय करणार? मी मनातल्या मनात फोनसुद्धा लावला. अरे न्यान्यो, ऐक, गंमत ऐक, ती रेघ होती रे. तो हसेल, मी हसेन, संपलं.

पण सव्वीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस उलटतपासणी घेतल्याशिवाय राहत नाही, ही खोड जात नाही. मी दोमेनिकाला गाठलं. ती टेबलापाशी उभी होती. तिथं खिळ्याच्या डोक्यावर अंडं उभं करायचा खेळ चालला होता, आणि यादिरा जीभ दातांत धरून अंड्याशी झटत होती. मी म्हणालो, "रेघेपासून लांब गेलं की माणूस सरळ चालतो ना?"

"अगदी सरळ, काका."

"मग मला लांब ने. डोळे मिटून चालतो."

"उन्हाचं कशाला, काका? पुढे पाण्याचा प्रयोग आहे, तो बघा ना."

"पाणी नंतर. गाड्या लावायच्या जागेत पांढरे पट्टे आहेत, तिथं चल."

तिनं सहकाऱ्याकडे बघितलं, मग आली, बहुतेक म्हाताऱ्याला ऊन लागलं तर पंचाईत म्हणून. गाड्यांच्या जागेत एक पट्टा चांगला लांब होता, रेघेपासून शंभर पावलं तरी दूर. मी बूट घट्ट बांधले. मनात म्हटलं, देवा, सरळ चालू दे. आयुष्यात इतकं मनापासून मी देवाकडे काही मागितलं नव्हतं. डोळे मिटले. अंगठ्याला टाच. एक. दोन. तीन. मला वाटलं की मी अगदी ताठ आहे, सरळ आहे, पृथ्वी सुटली एकदाची. आणि तेवढ्यात माझा गुडघा कुणाच्या तरी गाडीच्या दारावर आपटला. गाडीचा भोंगा केकाटायला लागला. मी परत केलं. परत गाडी. तिसऱ्यांदा दोमेनिकानं हात धरला.

"असं नका ना करू, काका. चांगले आहात ना तुम्ही," ती हळूच म्हणाली. इकडे तिकडे बघितलं. "कुणाला बोलू नका हं. डोळे मिटून अंगठ्याला टाच लावली की कुणीही पडतं. कुठंही. माझ्या आईच्या स्वयंपाकघरातही पडतं. त्यातून आधी सांगितलं की तुम्ही पडणार, की आणखी लवकर पडतं. लोक हसतात, खूश होतात, त्यात कुणाचं काय बिघडतं?"

कुणाचं काय बिघडतं. भोंगा अजून वाजत होता. मी त्या पोरीकडे बघत राहिलो. बावीस-तेवीसची असेल, कानात मोरपिसाचे डूल, नाकावर ऊन लागून साल गेलेलं. तिला जे माहीत होतं ते मला सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी घरी दार लावून, डोळे मिटून, दोन पावलं टाकून बघितली नव्हती. किती साधी गोष्ट! एकदा तरी स्वतः चालायचं. चिलुइसानं सांगितलं आणि मी घेतलं, मी सांगितलं आणि शिपायांनी घेतलं. मला ते चेहरे आठवायला लागले. एक दूधवाला रडत होता, त्याला मी म्हणालो होतो, रडणं दारूचंच लक्षण. एक मास्तर होता, त्यानं मला पत्र लिहिलं होतं चार पानांचं, ते मी चौकीत मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. त्यातले कितीतरी खरंच प्यायलेले असतील, असतीलच, पण कोणते? आता कसं कळणार? आणि पृथ्वी तर नव्हतीच. पृथ्वीनं कुणाला ओढलं नव्हतं. आतून थंडी वाजावी तसं झालं, भर उन्हात, आणि माझे दात खरोखर एकमेकांवर आपटायला लागले. दोमेनिका म्हणाली, "काका, पाणी आणू?" मी म्हणालो, "नको. जा तू. तुझं काही चुकलं नाही." तिचंच वाक्य मी तिला परत दिलं.

भिंतीच्या सावलीत सिमेंटचा बाक होता, तिथं यादिरानं मला शोधून काढलं. एका हातात पेरूच्या फेसाळ गोडाचे दोन कोन, दुसऱ्या हातात प्रमाणपत्र, अंडं उभं केल्याचं. "उभं राहिलं, काका! सगळ्या गटात फक्त माझं! तू कुठे होतास?" मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि बसली. कोन वितळून तिच्या मनगटावर ओघळायला लागला, ती ते चाटत राहिली. मग म्हणाली, "मला एक सांगायचंय. दहा दिवस झाले सांगायचंय. बाबांनी पाठवलंय ते सांगायलाच." मी म्हणालो, "नंतर." ती म्हणाली, "नाही, आता, नाहीतर मी तशीच परत जाईन." आणि पाठ केल्यासारखं एका दमात म्हणाली, "बाबा म्हणाले, काकाला सांग, मी त्या दिवशी प्यायलो होतो. कबूल. त्याला ऐकायचं होतं ते ऐकव. आणि आता घरी येऊ दे म्हणावं."

तेवीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. कितीदा तरी मनात ऐकलं होतं, आणि ऐकल्यावर मी कसा मोठ्या मनानं उठेन, त्याला कसा पोटाशी धरेन, तेही ठरवून ठेवलं होतं. ते वाक्य आलं, आणि ते पेरूच्या कोनाबरोबर आलं, एका पोरीच्या तोंडून, मी गाडीवर आपटून आल्यावर दहा मिनिटांनी. मला ओरडावंसं वाटलं.

"त्याची तब्येत?" मी विचारलं.

"शेतातलं काम बंद केलंय डॉक्टरांनी. हृदय. ब्रोकोली कापत कापत दोनदा पडले." ती माझ्याकडे बघत नव्हती. "काका, मी लहानपणापासून तुझा राग करत आले. शाळेत कुणी विचारलं की सांगायचे, माझ्या काकानं माझ्या बाबांवर खोटा आळ घेतला. आई पण तेच सांगायची. आणि आता बाबा म्हणतात की ते प्यायले होते. मग इतकी वर्षं आम्ही काय करत होतो? कुणावर विश्वास ठेवला आम्ही?" तिनं चिकट मनगट पँटला पुसलं. "मी हे तोंड घेऊन आले इथं. तू जिंकलास. घे."

"फोन लाव," मी म्हणालो.

"तिथं सहा वाजले असतील, ते..."

"लाव म्हणतो ना!"

तिनं लावला. आवाज मोठा करून फोन तळहातावर ठेवला, आमच्या दोघांच्या मध्ये. दोनदा वाजला. मग खोकल्याचा आवाज, आणि मग, "सांगितलंस का, बाळा? काय म्हणाला?"

"मी आहे," मी म्हणालो.

मग, "न्यान्यो." बारा वर्षांत बदललेला आवाज, स्पेनचा हेल लागलेला, पण तो शब्द तसाच, घरातला.

"तू प्यायला नव्हतास," मी म्हणालो.

"यादिरानं सांगितलं नाही तुला? मी कबूल केलंय."

"खोटं कबूल केलंयस."

"हात्तिच्या!" तो हसला आणि हसता हसता खोकला. "तेवीस वर्षं मी माझं म्हणणं सांगितलं तेव्हा खोटारडा, आज तुझं म्हणणं मान्य केलं तरी खोटारडा. तुला नक्की हवंय तरी काय, बाबा?"

मग मी सांगितलं. कसं सांगितलं मला माहीत नाही, सगळं एकदम बाहेर आलं. म्युझियम, लाल रेघ, जर्मन, नन, गाड्यांची जागा, ती पोरगी, तिच्या आईचं स्वयंपाकघर. चिलुइसा. की पुस्तकात डोळे मिटायचं नव्हतंच, ते आमचं आम्ही घातलं होतं. की कुणीही पडलं असतं. की मी आता तीनदा पडलोय. यादिरानं तोंडावर हात ठेवला होता. "म्हणून तू प्यायला नव्हतास," मी म्हणालो, "समजलं का? मीच सांगतोय, मी. तू घरी ये. मी विमानतळावर येतो, सगळ्यांसमोर सांगतो." आणि मी रडायला लागलो, चौसष्ट वर्षांचा माणूस, प्रवेशाच्या दाराजवळ, रांगेत उभ्या लोकांसमोर.

पलीकडे ओल्मेदोनं नाक ओढलं. मला वाटलं तोही रडतोय. मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुझं ऐकून बरं वाटलं, न्यान्यो. पण एक भानगड झालीय. मला आता आठवत नाही."

"काय आठवत नाही?"

"की मी प्यायलो होतो की नाही. हसू नकोस. इथं आल्यावर जो तो विचारायचा, तू बस चालवायचास, मग ब्रोकोली काय कापतोस? सख्ख्या भावानं आत घातलं हे कसं सांगायचं? म्हणून सांगायचो, पिऊन चालवली, धरलं. सोपं पडायचं. माणसं पाठीवर थाप मारायची. इतक्या जणांना सांगितलं, इतकी वर्षं सांगितलं, आता त्या दिवसाचं मनात आणलं की बसमध्ये सीटखाली बाटली दिसते. होती का ती? कार्निव्हल होता. निघायच्या आधी कालाकालीला मामाकडे थांबलो होतो, एवढं पक्कं. त्यानं ग्लास पुढे केला असेल. मी घेतलाही असेल. घरात मी नाही नाही म्हणायचो ते सवयीनं म्हणायचो की खरं होतं म्हणून म्हणायचो, तेही कळेनासं झालंय. पोरीसमोर हात ठेवून सांगू शकत नाही मी, न्यान्यो. म्हणून तर म्हटलं, कबूल करून टाकू आणि घरी जाऊ."

यादिरा फोनकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी रस्त्याकडे बघितलं, तर तिकडून एक निळी बस चालली होती, दुसऱ्याच कुठल्या तरी मार्गाची.

"तूच सांग ना," ओल्मेदो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती विचारणा होती, हरवलेल्या वस्तूची करतात तशी. "तू होतास तिथं. मी डोळे मिटायच्या आधी तू अगदी जवळ आला होतास, तोंडाला तोंड लावून, वास घ्यायला. हे मला पक्कं आठवतं, कारण तुझी मिशी लागली होती मला इथं, गालाला. वास आला होता का?"

असं असतं का हो, की माणूस तेवीस वर्षं एका जागेकडे पाठ करून उभा राहतो आणि त्याला ती जागा आहे हेच माहीत नसतं? की माहीत असतं आणि तो उभाच राहतो? मी खोटं बोलू शकलो असतो. मी म्हणू शकलो असतो की आठवत नाही, माझंही वय झालंय. पण ते समोर आलं होतं, लख्ख, दुपारच्या दोनच्या उन्हात. लेफ्टनंट पाठीमागे. ओल्मेदोचा घाम. त्याचा उघडा राहिलेला ओठ. वडिलांच्या तोंडाचा वास मी झोपेतही ओळखला असता, आणि मी तो शोधत होतो, नाक खुपसून शोधत होतो.

"नाही आला," मी म्हणालो. "दारूचा नाही. तू भाजलेला मका खाल्ला होतास."

यादिरानं फोन अजून तसाच धरला होता, हात जराही न हलवता, आणि आता ती माझ्याकडे बघत होती.

"मग कागद का लिहिलास?" ओल्मेदोनं विचारलं.